साठीतला स्कोअर आणि बाकावरचे वैद्य

चेंबूरचं मैदान असो की येरवड्याचं, सकाळची राउंड संपली की क्लबातल्या बाकावर रोगनिदान सुरू होतं. कुणाचा ड्राइव्ह दोनदा आखूड पडलेला असतो, कुणाचा दोन फुटांचा पट कपाच्या कडेवरून फिरून बाहेर आलेला असतो. तक्रारी वेगवेगळ्या, निदान बहुतेक वेळा एकच: वय झालं. नियमानुसार बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात. पन्नाशी ओलांडलेला हौशी गोल्फर हे वाक्य पंधराव्या क्लबासारखं बरोबर घेऊन हिंडतो.

वय होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण वयाच्या खात्यावर जे काही मांडलं जातं त्यातलं बरंच त्याचं नसतं. आणि जे खरोखर त्याचं असतं, त्यावर बाकावरून सुचवले जाणारे उपाय पुष्कळदा उलटे असतात.

“महिनाभर स्कोअर चढतोय, म्हणजे वय बोलायला लागलं.”

हे चटकन पटतं, कारण दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर असतात: वय वाढलेलं असतं आणि स्कोअरही वाढलेला असतो. त्यांची गाठ मात्र मनाने मारलेली असते. स्नायू आणि सांधे वर्षांच्या हिशोबाने बदलतात, स्कोअर आठवड्याच्या हिशोबाने उड्या मारतो. १६ हँडिकॅपच्या खेळाडूने पार ७२ च्या मैदानावर रविवारी ८६, बुधवारी ९७ आणि पुढच्या रविवारी ९० मारले तर त्यात नवल काहीच नाही; तिशीत असता तरी तो असाच वरखाली झाला असता. शिवाय फार चांगल्या राउंडनंतरची राउंड बहुधा तिच्याहून वाईटच असते. ८६ च्या दिवशी झाडावर आपटलेला चेंडू फेअरवेवर परतलेला असतो, वीस फुटांचे दोन पट पडलेले असतात. नशिबाचा हा हातभार पुढच्या खेपेला मिळेलच असं नाही. खेळ आपल्या नेहमीच्या जागी परत येतो आणि त्या परत येण्याला घसरण म्हटलं जातं.

आपल्याकडे यात पाऊसही भर घालतो. मार्चमध्ये टणक फेअरवेवर घरंगळत जाणारा चेंडू जुलैत पडल्या जागी रुततो. तेवढ्यावरून सप्टेंबरपर्यंत अनेकजण स्वतःला म्हातारे ठरवून मोकळे होतात. तुलना करायचीच असेल तर या जुलैची गेल्या जुलैशी करावी, तीही एका राउंडची नव्हे.

“हँडिकॅप म्हणजे आपला सरासरी खेळ. तेवढंही जमत नसेल तर उतरण लागली.”

हँडिकॅप ही सरासरी आहे खरी, पण निवडक राउंडची. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगल्या ८ घेतल्या जातात आणि त्यांची सरासरी काढली जाते. उरलेल्या १२ हिशोबात येतच नाहीत. म्हणजे हा आकडा माणूस नेहमी कसा खेळतो ते सांगत नाही, चांगल्या दिवशी कसा खेळतो ते सांगतो. नेहमीचा खेळ त्यापेक्षा काही फटक्यांनी जास्तच असतो आणि हँडिकॅपाइतकं खेळणं ढोबळमानाने चार-पाच राउंडमध्ये एकदा जमतं. उरलेल्या तीन-चार वेळा मान खाली घालून बाहेर पडण्याचं कारण नाही.

याच पद्धतीत आणखी एक खोच आहे आणि ती उतारवयातल्या खेळाडूला विशेष छळते. यादीत २० राउंडच राहतात. आज नेहमीसारखीच राउंड झाली, पण तिने यादीतून ढकलून दिलेली जुनी राउंड एप्रिलमधली ती अफलातून राउंड असेल, तर आज काहीही बिघडलेलं नसताना आकडा वर जातो. मोबाइलवर तो वाढलेला दिसला की बाकावर पुन्हा वयाची चर्चा. आकडा एकदम फार चढू नये म्हणून नियमांतही सोय आहे. वर्षभरातल्या नीचांकापेक्षा तो ३ ने वर गेला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते आणि ५ वर ती थांबते. वाईट हंगाम कुणालाही येतो, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे.

“अंतर गेलं ते गेलं. आता पटिंग सांभाळा, पैसा तिथेच आहे.”

गोल्फमधली ही जुनी म्हण आहे: ड्राइव्ह मिरवण्यासाठी, पट कमाईसाठी. ती खरी वाटते, कारण पट हा होलवरचा शेवटचा फटका असतो. चुकलेला पट घरी जाईपर्यंत आठवतो. १७० यार्डांवरून ग्रीनला तीस यार्ड कमी पडलेला फटका मात्र तिथल्या तिथे विसरला जातो. कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी एकेका फटक्याच्या नोंदी तपासून ‘एव्हरी शॉट काउंट्स’ हे पुस्तक २०१४ मध्ये लिहिलं. दोन खेळाडूंच्या स्कोअरमधला फरक साधारण दोन तृतीयांश १०० यार्डांच्या पलीकडच्या फटक्यांतून येतो, असं त्यांच्या हिशोबात दिसलं. पटिंगचा वाटा त्यामानाने लहान आहे. आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे व्यावसायिकसुद्धा निम्मेच पट घालतात. ९० च्या आसपास खेळणारा हौशी खेळाडू पाच फुटांवरून निम्मे घालतो. तेव्हा आठ फुटांचा पट चुकल्यावर कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

अंतराचा प्रश्न ‘गेलं’ म्हणून सोडून देण्याजोगा नाही, असा याचा अर्थ. लांब आयर्न उचलत नसेल तर त्या जागी हायब्रिड किंवा ७ नंबरचा वूड घ्यावा. पूर्वी १४० यार्डांवरून ८ नंबर पुरत असेल आणि आता ६ लागत असेल, तर ६ घ्यावा. कॅडीने हातात ६ ठेवला की मागे वळून ८ मागणारे गृहस्थ प्रत्येक क्लबात असतात, आणि चेंडू पुढच्या बंकरमध्ये गेला की ते ग्रीन मोजणाऱ्याला दोष देतात.

“जोर वाढवला किंवा नवा ड्रायव्हर घेतला की गेलेले यार्ड परत येतात.”

क्लबचा वेग ताशी एका मैलाने घटला की ड्राइव्ह सुमारे अडीच यार्डांनी आखूड होतो. चार मैल गेले तर दहा यार्ड गेले. इथपर्यंत वयाचा दावा खरा आहे. जोर लावून हे भरून काढण्याचा मोह समजण्यासारखा आहे, कारण महिन्यातून एखादा फटका तसा बसतोही. पण दात-ओठ खाऊन मारताना खांदे लवकर उघडतात, चेंडू क्लबाच्या मध्यावर लागत नाही आणि मिळवलेल्या वेगापेक्षा जास्त अंतर तिथेच सांडतं.

नव्या ड्रायव्हरच्या जाहिरातीबद्दल एवढं सांगणं पुरे: क्लबाच्या तोंडाने चेंडू किती उसळवायचा आणि त्याचं डोकं किती मोठं असायचं, या दोन्हींना नियमाने मर्यादा आहे. डोक्याची मर्यादा २००४ पासून ४६० घन सेंटीमीटर आहे. नव्या क्लबांनी मधोमध न बसलेल्या फटक्याचं नुकसान कमी केलं आहे, हे खरं. पण मंदावलेल्या स्विंगला खरी मदत होते ती जास्त लॉफ्टची आणि हलक्या, लवचिक शाफ्टची. ९ अंशांचा ड्रायव्हर चाळिशीत शोभून दिसत असेल. पासष्टीत त्याचा चेंडू उठतच नाही.

“या वयात वजनं उचलली तर स्विंग आखडतो.”

एके काळी व्यावसायिक खेळाडूही असंच मानत, त्यामुळे हौशी खेळाडूला दोष देता येत नाही. पण वयाबरोबर आधी जातात ते वेगाने आकुंचन पावणारे स्नायुतंतू, आणि स्विंगला नेमके तेच लागतात. ते टिकवण्याचा ठाऊक असलेला मार्ग म्हणजे विरोधाविरुद्ध केलेला व्यायाम. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांची वजनं उचलवून घेतली गेली. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीची ताकद म्हणजे ड्राइव्ह नव्हे, हे मान्य. पण ‘आता काही उपयोग नाही’ हे वाक्य त्यानंतर ऐंशीच्या आतल्या कुणी म्हणू नये. आखडण्याचं खरं कारण बहुतेकांच्या बाबतीत वजन नसतं. दिवसभर खुर्चीत बसायचं, गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर जायचं आणि अंग न मोडता ड्रायव्हर फिरवायचा, हे कारण असतं.

“खुबा बदलला की क्लब माळ्यावर.”

शस्त्रक्रियेनंतर सर्जनने परवानगी दिल्याखेरीज क्लब हातात घेऊ नये, हा पथ्याचा भाग झाला. त्याच्या पुढची भीती मात्र टॉम वॉटसन यांनी २००९ मध्ये सगळ्या जगासमोर मोडून काढली. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचा खुबा बदलला होता. पुढच्या जुलैत, वयाच्या ५९ व्या वर्षी, ते टर्नबेरीच्या ओपन स्पर्धेत अखेरच्या होलवर एका फटक्याच्या आघाडीने उभे होते. पार केला असता तर स्पर्धा त्यांची होती. दुसरा फटका ग्रीनवरून मागे निसटला, पुढे आठेक फुटांचा पट चुकला, आणि चार होलांच्या प्लेऑफमध्ये स्ट्यूअर्ट सिंक जिंकले. ‘शेवटी वयच आडवं आलं’ असं त्यावर आजही म्हटलं जातं. पण तसा पट पंचविशीतला खेळाडूही निम्म्या वेळा चुकवतो, हे वर आलंच आहे. आणि त्याआधीच्या ७१ होलांचं काय करायचं?

वॉटसन व्यावसायिक, त्यांची गोष्ट वेगळी, असं वाटत असेल तर जॅक वेस्टलँड यांचं पाहावं. ते अखेरपर्यंत हौशीच राहिले. १९३१ मध्ये अमेरिकेच्या हौशी अजिंक्यपदाची अंतिम लढत ते फ्रान्सिस विमेट यांच्याविरुद्ध हरले. त्यानंतर दुसरी संधी यायला २१ वर्षं गेली. १९५२ मध्ये, ४७ व्या वर्षी, त्यांनी तेच अजिंक्यपद जिंकलं आणि त्याच वर्षी ते अमेरिकी काँग्रेसवरही निवडून गेले.

“लहान पटावर हात थरथरतो. म्हातारपणाचे हात, दुसरं काय.”

दोन फुटांवर मनगट आपोआप झटका देतं, या प्रकाराला गोल्फर ‘यिप्स’ म्हणतात. तो अनुभवी खेळाडूंना जास्त गाठतो, म्हणून वयाचा वाटतो. पण बर्नहार्ड लँगर यांना तो तरुणपणीच जडला आणि नंतरही पुन्हा पुन्हा उलटला. पटर धरायच्या तऱ्हा बदलत त्यांनी १९८५ आणि १९९३ मध्ये मास्टर्स जिंकली आणि २०२३ मध्ये, ६५ व्या वर्षी, अमेरिकेची सीनियर ओपनही जिंकली. मेयो क्लिनिकच्या संशोधकांना यिप्सचे दोन प्रकार आढळले. काहींमध्ये तो दडपणाचा परिणाम असतो. काहींमध्ये मात्र तो मज्जासंस्थेचा बिघाड असतो. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या कारकुनाची बोटं लेखणी धरताच वळतात, त्याच जातीचा. दुसऱ्या प्रकारात ‘मन घट्ट करा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. पकड बदलणं, पटर बदलणं, हात उलटे धरणं याने झटक्याला चकवता येतं. सॅम स्नीड तर पटर दोन पायांमध्ये घेऊन समोर तोंड करून मारू लागले. १९६८ मध्ये नियमाने ती पद्धत बंद केली, तेव्हा ते बाजूला उभं राहून मारू लागले आणि १९७९ मध्ये, ६७ व्या वर्षी, पीजीए टूरच्या एकाच स्पर्धेत ६७ आणि ६६ खेळले.

कित्येकदा तर दोष हाताचा नसतोच, चष्म्याचा असतो. प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खालचा भाग हातातलं पुस्तक वाचण्यासाठी असतो. पटवर वाकलं की नजर नेमकी त्यातून जाते, आणि दीड मीटरवरचा चेंडू धूसर व तरंगता दिसतो. खेळताना फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा घातला की काहींचा ‘थरथरणारा हात’ त्याच आठवड्यात स्थिरावतो. पटिंगच्या धड्यांवर खर्च करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक खेप टाकावी.

“पुढच्या टीवरून खेळणं म्हणजे हार पत्करणं.”

सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत चिवट, कारण हा खेळाबद्दल नाही, इभ्रतीबद्दल आहे. वर्षानुवर्षं लाल टी ‘बायकांच्या’ म्हटल्या गेल्या. वास्तविक टीच्या रंगाचा स्त्री-पुरुषाशी संबंध नाही, तो मैदानाच्या लांबीशी आहे. प्रत्येक टीला स्वतःचं रेटिंग आणि स्लोप असतो. पुढून खेळलं की त्या हिशोबाने मिळणारे फटकेही कमी होतात, त्यामुळे फुकटचा फायदा कुणालाच होत नाही. बदलतो तो खेळ. मागच्या टीवरून ज्या पार ४ वर दोन वूड मारूनही ग्रीन दिसत नाही, तिथे पुढून दुसऱ्या फटक्याला आयर्न हातात येतं, म्हणजे होल आखणाऱ्याने जो प्रश्न घातला होता तो सोडवायला मिळतो.

योग्य टी ठरवण्याचा एक प्रचलित ठोकताळा आहे. ५ नंबरच्या आयर्नने चेंडू खरोखर जितका जातो त्याला ३६ ने गुणावं. १४० यार्ड जात असेल तर मैदान साधारण ५,०४० यार्डांचं हवं. इथे ‘खरोखर’ या शब्दावर जोर द्यायचा, कारण बाकावर सांगितलं जाणारं अंतर आणि मैदानावरचं अंतर यांत निदान वीस यार्डांची तफावत असते. ते कॅडीला विचारावं.