लिंबोणीवरची अळी

मार्चमधील एका शनिवारी भोकरदन तालुक्यातील आमच्या वसतिगृहाच्या २२ मुलांना घेऊन मी केळना नदीकाठी फुलपाखरे पाहायला गेलो. मुले बहुतेक भिल्ल समाजातील. त्यांचे आईवडील ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते.

फुलपाखरे पाहायला सकाळी आठ ते अकराची वेळ चांगली. उडण्यापूर्वी अंग तापावे लागते, म्हणून ती पंख पसरून उन्हात बसतात. नदी आटत आली होती. उरलेल्या ओल्या चिखलावर पिवळ्या फुलपाखरांचा थवा बसला होता. चिखलातून ती पाण्याबरोबर क्षार शोषतात. असे बसणारे बहुतेक नर असतात.

एका मुलीने रुईचे पान उलटून काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी दाखवली. ती प्लेन टायगर फुलपाखराची. रुईतील विष अळीच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही उतरते, म्हणून पक्षी दोघांनाही टाळतात. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या अशा ठराविक झाडांवरच वाढतात. ते झाड गेले की फुलपाखरूही जाते.

पुढे मोसंबीच्या बागेत पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली. मी सांगितले, "ही लाइम बटरफ्लायची. मोठी झाली की हिरवी होते. लिंबू-मोसंबीची पाने खाते."

सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मग आपण लिंबोणीवरच्या मारल्या त्या ह्याच ना?"

ह्याच होत्या. महिन्यापूर्वी मीच मुलांना त्या वेचून चिरडायला लावल्या होत्या. मी म्हणालो, "हो. मला तेव्हा माहीत नव्हते."

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि अनेक घरे तिच्यावर चालतात. कोवळ्या रोपांचा पाला ही अळी फस्त करते, तेव्हा शेतकरी ती वेचतो यात चूक नाही. पण आमची लिंबोणी मोठी आहे. थोडी पाने गेल्याने तिचे काही बिघडत नाही.

आपल्या अंगणात लिंबोणी किंवा कढीपत्ता असेल तर औषध फवारण्याआधी पाने उलटून पाहा. एखादी फांदी अळ्यांसाठी सोडा. उन्हाळ्यात कोषातून फुलपाखरू साधारण एक-दोन आठवड्यांत बाहेर येते.

सध्या आमच्या लिंबोणीवर तीन कोष आहेत. तो मुलगा रोज शाळेला जाण्याआधी ते मोजतो. आई येईपर्यंत एक तरी फुटू नये, असे त्याला वाटते.