दंतवैद्याच्या नळीतले पाणी

माठ चार दिवस घासला नाही, तर आतून बोट फिरवल्यावर तो बुळबुळीत लागतो. पाणी नळाचे, गाळून भरलेले. वर झाकणही असते. तरी थर धरतोच. हा थर म्हणजे जीवाणूंची वसाहत. पाण्यात तरंगणारे काही जीवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आडोशाने वाढत राहतात. शास्त्रज्ञ या थराला जीवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. माठ आपण काथ्याने घासतो आणि प्रश्न मिटतो. पण जिथे हात पोचत नाही, अशा बारीक नळीचे काय?

दातांच्या दवाखान्यातील सुरक्षिततेचा विषय निघाला, की बोलणे बहुधा हत्यारांपाशी थांबते. ते रास्तच आहे. एकाच्या रक्तातील कावीळ ब किंवा क चे विषाणू दुसऱ्याला देणारे हत्यार भयंकरच. त्यावर उपाय मात्र आपल्या ओळखीचा आहे. ऑटोक्लेव्ह हा प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ. त्यात १२१ अंश सेल्सिअसची वाफ पुरेसा वेळ मिळाली, की चिवट बीजाणूसुद्धा टिकत नाहीत. पण खुर्चीला जोडलेली पाण्याची नळी काही ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. या लेखात आपण तिच्याकडेच पाहणार आहोत.

मुळात दाताला पाणी लागते कशाला? दात कोरणारे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. घर्षणाने उष्णता निर्माण होते. दाताच्या आत मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात. १९६५ साली माकडांच्या दातांवर केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात गराचे तापमान सुमारे साडेपाच अंशांनी वाढताच काही दातांतील गर कायमचा मेल्याचे आढळले. म्हणून कोरताना पाण्याचा फवारा हवाच. तो टाळून सुरक्षितता साधता येत नाही.

आता थोडे गणित करू. दंडगोलाचे घनफळ नववीच्या विद्यार्थ्यालाही काढता येते. समजा, नळीचा आतला व्यास २ मिलिमीटर आणि लांबी ४ मीटर आहे. तिच्यात पाणी मावते जेमतेम साडेबारा मिलिलीटर, आणि आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ भरते सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर मिलिलीटर पाण्यामागे २० चौरस सेंटिमीटर भिंत. आता ३० सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची बादली घ्या. तिथे तळ धरूनही दर मिलिलीटरमागे भिंत येते एका चौरस सेंटिमीटरचा सहावा भाग. नळीतल्या पाण्याला बादलीच्या १२० पट भिंत भेटते! जीवपटल भिंतीवर वाढते, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. त्यात ही नळी रात्रभर आणि सुटीचा दिवसभर साचलेल्या पाण्याने भरलेली असते.

पाणी जोराने सोडून थर धुऊन निघणार नाही का? मिनिटाला ६० मिलिलीटर पाणी वाहत असेल, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर येतो. एवढ्या बारीक नळीत या वेगाने पाणी खळबळत नाही, थरांथरांनी सरकते. मध्यभागी वेग सर्वांत जास्त, आणि भिंतीला अगदी लागून शून्य. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. पारदर्शक बारीक नळीत शाईचे पाणी भरा आणि एका टोकाने साधे पाणी हळूहळू सोडा. रंग आधी मधून निघून जातो, कडेला बराच वेळ रेंगाळतो.

त्यामुळे दर रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्यावे, हा नियम पाळलाच पाहिजे. आधीच्या रुग्णाची लाळ नळीच्या तोंडाशी ओढली गेली असेल तर ती त्याने निघते. भिंतीवरचा थर मात्र जागेवरच राहतो. त्यासाठी ठरावीक काळाने जंतुनाशक द्रव नळीत भरून ठेवावा लागतो आणि पाणी तपासून घ्यावे लागते. अमेरिकेत मर्यादा आहे दर मिलिलीटरमागे ५०० जीवाणूवसाहतींची.

हा दोष नवा नाही. ब्रिटनमध्ये १९६३ सालीच तो छापून आला होता. पण निरोगी माणूस असे पाणी थुंकून टाकतो, त्याला काही होत नाही, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. २०११ साली इटलीत ८२ वर्षांची एक बाई लीजनेअर न्यूमोनियाने दगावली. आजाराआधीच्या दिवसांत ती दंतवैद्याकडे जाण्यापुरतीच घराबाहेर पडली होती. तिच्या फुप्फुसातले जीवाणू आणि दवाखान्याच्या नळीतले जीवाणू एकच निघाले. २०१५ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात दुधाच्या दातांवर उपचार केलेल्या किमान वीस मुलांच्या जबड्यात क्षयाच्या जीवाणूंच्या एका भावकीने घर केले. गर उघडा करून त्यावर याच नळीचे पाणी सोडले गेले होते. तपासणीत त्या पाण्यात सरासरी नव्वद हजारांच्या वर वसाहती मिळाल्या. दात किडलेला, पण एरवी धडधाकट असलेल्या मुलांना रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली.

म्हणून जिथे हिरडी कापायची किंवा हाड उघडे करायचे, तिथे खुर्चीच्या नळीचे पाणी वापरूच नये, निर्जंतुक सलाइन वेगळ्या सिरिंजने सोडावे, असे मार्गदर्शक नियम सांगतात. झाला की प्रश्न सुटला, असे वाटते. इथे आपल्या देशातला एक अनुभव सांगायला हवा.

२०२२-२३ मध्ये तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात मेंदूच्या मेलिऑइडोसिसचे रुग्ण एकापाठोपाठ आढळू लागले. हा जीवाणू माती आणि पाण्यात राहणारा. तो मेंदूपर्यंत जाणे विरळाच. शोध घेता दहा रुग्ण एकाच दंतचिकित्सालयात उपचार घेऊन आलेले निघाले. त्यांपैकी आठ दगावले. तपासनिसांनी वापरात असलेली सलाइनची बाटली तपासली, तिच्यात या जीवाणूचा डीएनए सापडला. हिरडी सोडवण्याच्या हत्याराने बाटली उघडायची, ती सैल बंद करून ठेवायची आणि उरलेले सलाइन पुढच्या रुग्णांना वापरायचे, अशी तिथली पद्धत होती. हा अहवाल २०२५ साली प्रसिद्ध झाला.

सलाइन म्हणजे लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. लोणच्यातल्या मिठासारखे ते काही जंतूंना मारत नाही. त्याचे प्रमाण आपल्या रक्ताशी जुळेल असे ठेवलेले असते, आणि इतर कुठलेही जंतुरोधक त्यात नसते. बाटलीवरचा 'निर्जंतुक' हा शब्द झाकण उघडेपर्यंतच खरा. अर्ध्या लिटरची बाटली फोडायची, तीस-चाळीस मिलिलीटर वापरायचे आणि बाकीचे ओतून द्यायचे, हे काटकसरीत वाढलेल्या हाताला जड जाते. आमच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांनाही ते जमायला महिना लागतो. शंभर मिलिलीटरच्या लहान बाटल्याही मिळतात. एका रुग्णाला एक, आणि उरलेले मोरीत.