वृक्षपतनाचे दायित्व
वादळवाऱ्यात एखाद्याच्या जागेतील झाड किंवा त्याची फांदी कोसळून शेजाऱ्याच्या घराचे, मालमत्तेचे वा जीविताचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई करण्याची विधिमान्य जबाबदारी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये भोगवट्याच्या जमिनीवरील झाडांचा हक्क सामान्यतः जमीनधारकाकडे असतो. तथापि झाडाची मालकी आणि नुकसानीचे दायित्व या भिन्न गोष्टी होत. झाड आपले होते एवढ्यावरून मालक भरपाई देण्यास बांधील ठरत नाही. तसेच ते वादळाने पडले एवढ्यावरून तो जबाबदारीतून मुक्तही होत नाही. पडण्यापूर्वी झाडाची अवस्था धोकादायक होती काय आणि मालकाला ती ठाऊक होती किंवा वाजवी काळजी घेतली असता कळू शकली असती काय, हा निर्णायक प्रश्न असतो.

प्रादेशिक स्वरूप : मराठवाड्यातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर सोसाट्याचा वारा सुटतो. तो थोडा वेळच टिकत असला, तरी त्यात झाडे उन्मळून पडतात आणि छपरावरील पत्रे उडतात. गावठाणात घरे दाटीने असल्याने एकाच्या परसातील कडुनिंबाच्या वा चिंचेच्या फांद्या दुसऱ्याच्या छपरावर आलेल्या असतात. दगडमातीच्या जुन्या भिंती आघात सोसू शकत नाहीत, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दिसून आले. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दीर्घ टंचाईत झाडे वठतात. नाली वा रस्ता खोदताना मुळे तोडली गेल्यास झाडाचा आधारही कमी होतो.

विधितत्त्वे : भारतात अपकृत्यविषयक विधी संहिताबद्ध नाही. इंग्लंडमधील निवाडे व भारतीय न्यायालयांचे निर्णय यांच्या आधारे निष्काळजीपणा आणि उपद्रव या दोन तत्त्वांवर दायित्व ठरविले जाते. ‘नोबल विरुद्ध हॅरिसन’ (१९२६) या प्रकरणात रस्त्यावर आलेली बीच वृक्षाची फांदी मोडून प्रवासी गाडीवर पडली. परंतु तिच्यातील दोष बाहेरून दिसणारा नसल्याने मालक जबाबदार ठरला नाही. १९५० मध्ये लॉर्ड्‌स सभागृहाने ‘कॅमिनर’ प्रकरणात मुळांच्या अदृश्य रोगाबाबत असाच निर्णय दिला. याउलट ‘गोल्डमन विरुद्ध हारग्रेव्ह’ (१९६७) या ऑस्ट्रेलियातील प्रकरणात वीज पडून पेटलेल्या झाडाची आग मालकाने पुरती विझविली नाही. धोका निसर्गनिर्मित असला, तरी तो कळल्यावर वाजवी उपाय योजणे हे मालकाचे कर्तव्य होय, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले.

‘दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुशीला देवी’ (१९९९) हा भारतातील महत्त्वाचा निवाडा होय. रस्त्यालगतच्या वाळलेल्या झाडाची फांदी पडून १९६४ मध्ये एका स्कूटरस्वाराचा मृत्यू झाला होता. झाड मृतावस्थेत असूनही ते हटविले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेचे दायित्व कायम केले.

दैवी आपत्तीचा बचाव : ज्या नैसर्गिक घटनेचा अंदाज करता येत नाही व वाजवी दक्षतेने जिचा परिणाम टाळता येत नाही, तिलाच दैवी आपत्ती म्हणतात. निरोगी वृक्ष असामान्य झंझावाताने उन्मळला, तर हा बचाव सबळ ठरतो. दरवर्षी येणाऱ्या वळवाच्या वाऱ्याने पोकळ बुंध्याचे झाड पडल्यास तो सहसा टिकत नाही.

प्रतिबंधक उपाय : झाड पडून शेजाऱ्यांना किंवा जाणाऱ्या-येणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असल्यास ते काढण्याचा अथवा त्यास आधार देण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १३३ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मालकास वृक्षतोडीचे निर्बंधही पाळावे लागतात. शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी आवश्यक असते. मात्र झाड मृत, रोगग्रस्त किंवा जीवितास वा मालमत्तेस धोकादायक असल्यास ती नाकारू नये, अशी तरतूद आहे. आंबा, चिंच, जांभूळ इ. अनुसूचित झाडांना १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागू होतो. वेळीच केलेला परवानगीचा अर्ज हा मालकाने काळजी घेतल्याचा पुरावा ठरतो. शेजाऱ्यास आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या छाटता येतात. परंतु त्यासाठी मालकाच्या जागेत शिरता येत नाही आणि वरील निर्बंध त्यालाही चुकत नाहीत.

पुरावा व भरपाई : मालकाला धोक्याची जाणीव होती, हे सिद्ध करण्याचा भार सामान्यतः नुकसान झालेल्या व्यक्तीवर असतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी दिलेली लेखी सूचना, तिची पोच व झाडाची छायाचित्रे यांना महत्त्व असते. पडलेल्या झाडाचा बुंधा हा सर्वांत बोलका पुरावा होय. पण त्याचे सरपण लवकरच होते. त्यामुळे लाकूड हलविण्यापूर्वी पंचनामा व छायाचित्रण इष्ट ठरते. पडलेल्या झाडाचे लाकूड मूळ मालकाचेच राहते.

झाड सार्वजनिक जागेतील असल्यास नांदेड-वाघाळा (स्थापना १९९७) वा लातूर (२०११) महानगरपालिकेचे दायित्व उद्‌भवू शकते. अशा दाव्यात महानगरपालिका अधिनियमातील एक महिन्याची पूर्वसूचना व सहा महिन्यांची मुदत या अटी लक्षात घ्याव्या लागतात. नैसर्गिक आपत्तीनंतर पंचनाम्याच्या आधारे शासन देते ते साहाय्य असते. त्यावरून शेजाऱ्याचे दायित्व सिद्ध होत नाही वा संपतही नाही. १ एप्रिल २०२१ पासून प्रचारात आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात वादळ व झाड पडणे या दोन्ही जोखमींचा अंतर्भाव आहे. दोष कोणाचाच नसेल, तेव्हा घरमालकास विमा व शासकीय साहाय्य हेच दोन आधार उरतात.