कापणी-मळणी यंत्र बदलताना

सोलापूर जिल्ह्यात हरभऱ्याची काढणी आली म्हणजे भाड्याच्या हार्वेस्टरविषयी पारावर वाद सुरू होतो. एका बनावटीचे यंत्र दाणे फोडते, दुसरे ते भुशात सोडते, असे सांगून शेतकरी पुढील हंगामात निराळेच यंत्र बोलावतात. तक्रार खोटी नसते. परंतु दोष पुष्कळदा बनावटीचा नसून जुळणीचा असतो. गव्हासाठी लावलेल्या वेगानेच मळणीचा ड्रम फिरत राहिला, तर कोणतेही यंत्र हरभऱ्याची डाळच पाडील. ड्रमची गती कमी करून खालच्या जाळीची फट वाढवावी. पहिल्याच फेरीनंतर यंत्र थांबवून टाकीतील दाणे व मागे पडलेला भुसा तळहातावर घेऊन पाहावा. भुशात भरीव दाणे दिसल्यास पंख्याचा वारा कमी करावा. बुटक्या वाणाचे जमिनीलगतचे घाटे मात्र जुळणीने वाचत नाहीत. त्यासाठी ‘फुले विक्रम’सारखे उंच वाण पेरलेले असावे लागते.

ज्वारीविषयी शेतकऱ्यांचे मत वेगळे आहे, आणि ते रास्त आहे. मालदांडी ३५-१ चा कडबा त्यांना धान्याइतकाच मोलाचा वाटतो. यंत्रातून चुरडून निघालेल्या ताटांची पेंढी बांधता येत नाही. म्हणून दावणीला जनावरे असलेला शेतकरी, मजूर मिळणे कठीण झाले असतानाही, ज्वारी हातानेच काढतो.