जपानी शब्दांचं सोवळं

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, पांढरकवड्यात कुठल्याही कार्यक्रमाला बसा, जपान येतोच. 'जपान्यांनी परका शब्द शिवू दिला नाही म्हणून ते पुढे गेले, आपली मराठी मात्र उसनवारीवर जगते.' टाळ्या पडतात, मुलं वहीत उतरवून घेतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण यातलं पहिलं वाक्यच खोटं आहे.

जपानमधलं १८६८ चं सत्तांतर घ्या. जपानी त्याला 'इशिन' म्हणतात, म्हणजे नवं होणं. हा शब्द 'शी चिंग' या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चिनी काव्यसंग्रहातला. क्रांतीला ते 'काकुमेइ' म्हणतात, तोही 'यी चिंग' या चिनी ग्रंथातला. राजघराण्याला मिळालेला स्वर्गाचा कौल पालटणं, हा त्याचा अर्थ. जपानचं घराणं तर पालटलंच नव्हतं, उलट सम्राटाच्याच नावाने शोगुनची, म्हणजे लष्करी शासकाची, सत्ता मोडली गेली. म्हणून 'इशिन'. आपल्या पुस्तकांतली 'मेइजी पुनःस्थापना' इंग्रजीवरून आली. ती जुळते 'ओसेइ फुक्को'शी, म्हणजे राजसत्ता पूर्ववत करण्याच्या ३ जानेवारी १८६८ च्या घोषणेशी.

समाजाला 'शाकाइ', स्वातंत्र्याला 'जियू', हेही जुने चिनी शब्द. जपान्यांनी त्यांना नवा अर्थ दिला आणि त्या अर्थासकट ते चीनमध्ये परत गेले. आपण संस्कृताशी हेच केलं. 'क्रांती' म्हणजे मुळात पाऊल टाकणं, ओलांडणं. मकरसंक्रांतीतली क्रांती तीच.

आणि साधी उसनवारी? सकाळी चहात बुडवतो तो पाव पोर्तुगीजांचा. त्याच पोर्तुगीज शब्दाचा जपानीत 'पान' झाला. तिथली मुलं शाळेत तो शब्द बिनदिक्कत लिहितात आणि त्यांची भाषा बाटत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'मेइजी हे सम्राटाचं नाव': ते मुळात कालखंडाचं नाव, सम्राटाला ते मरणोत्तर मिळालं; त्यांचं स्वतःचं नाव मुत्सुहितो. 'शिवरायांनी फारसी शब्द हद्दपार केले': त्यांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला, मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला हे खरंच, पण पुढच्या शतकात कारभार हाकणारे 'पेशवे'च म्हणवले गेले आणि तो शब्द फारसी आहे. 'तहसील शब्द इंग्रजांनी दिला': तो अरबी, अर्थ वसुली. आपल्या तहसील कार्यालयाच्या पाटीवर त्याच्या शेजारचा 'कार्यालय' संस्कृत आहे.