कलामहर्षी बाबूराव पेंटर

चित्रकारांचे कौतुक इंदूरकरांना नवे नाही. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली येथे शिकलेले हुसेन पुढे मुंबईस गेले व काही काळ सिनेमाचे फलक रंगवीत राहिले. कोल्हापूरच्या एका चित्रकाराची वाट मात्र फलकाशी थांबली नाही. त्याने चित्रपटच निर्माण केले. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

१८९० साली जन्मलेले बाबूराव आपले बंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. १९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा घडविलाच! तानीबाई कागलकरांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. त्यातील कीचकवध इतका खरा भासला की, ते दृश्य कापावे लागले.

हा खरेपणा आला कोठून? रंगविलेला पडदा रंगभूमीवर खपून जातो. पण त्याच्यावर नटाची सावली पडली की कॅमेरा लबाडी उघडी पाडतो. पडदे रंगविण्यात हयात घातलेल्या बाबूरावांनीच तो पडदा दूर सारून लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे बांधले. चित्रण करण्यापूर्वी ते प्रसंगांची रेखाटने करीत. ‘सिंहगड’साठी १९२३ मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशही वापरला.

माझ्या मते त्यांचे खरे धाडस १९२५ चा ‘सावकारी पाश’ होय. नारायण हरी आपटे यांची कथा; देव नाही, राजा नाही, चमत्कार तर नाहीच. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात मजूर होतो, एवढेच. तरुण शांताराम त्यात शेतकरी झाले होते. प्रेक्षकांनी पौराणिक चित्रपटांना दिला तसा आश्रय या चित्रपटाला दिला नाही, आणि आज तो मूकपट पाहावयासही मिळत नाही.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी कंपनी सोडून ‘प्रभात’ स्थापिली. शिष्य एकेक करून गेला तर गुरू सोसतो. येथे हाताशी आलेली पिढीच एकदम उठून गेली. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला. बाबूरावांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून, काढला. कथा त्यांना सोडवत नव्हती, असेच म्हणावे लागेल.

पुढे शांतारामांनी आपल्या ‘राजकमल’ संस्थेत त्यांना बोलाविले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शन बाबूरावांनी केले. त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ च्या जानेवारीत, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.