अस्वल पाहायचंय? मग आधी गप्प बसा!

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की घरोघरी एकच प्रश्न, 'यंदा कुठं?' थंड हवेची ठिकाणं महाग आणि गर्दीची. मैत्रिणींनो, यंदा मुलांना घेऊन भंडाऱ्याकडे वळा. ऊन कडक, हे कबूल. पण पानं झडलेली आणि पाणी आटलेलं असतं, म्हणूनच जनावरं पाणवठ्यावर दिसतात ती याच दिवसांत.

भंडारा शहराजवळचं कोका अभयारण्य २०१३ सालचं. साकोलीहून पिटेझरीच्या फाटकानं आत गेलं, की नागझिरा. १९७० साली अभयारण्य झालं तेव्हा हेही भंडाऱ्यातच होतं. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. २०१३ पासून हा सगळा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडतो.

गोष्टीतला लांडगा मात्र इथं शोधू नका. तो मोकळ्या माळरानाचा. इथं दिसतात ते तांबूस अंगाचे, काळ्या झुबकेदार शेपटीचे रानकुत्रे. शीळ घालून एकमेकांना बोलावतात, दिवसाउजेडी कळपानं शिकार करतात आणि आधी पिलांना खाऊ देतात!

आणि अस्वल? त्याला वरचे पुढचे दोन दातच नसतात. नखांनी वारूळ फोडायचं, ओठांचा चंबू करायचा आणि त्या फटीतून वाळवी सूंऽऽ करून ओढून घ्यायची! आवाज लांबवर ऐकू येतो. पिलं आईच्या पाठीवर बसून हिंडतात. मुलं हे दृश्य जन्मभर विसरणार नाहीत.

आता घरच्या तयारीचं बघा. कपडे मातकट किंवा हिरवट. अत्तर, गजरा नको. अस्वलाचं नाक भारी तिखट! किणकिणणाऱ्या बांगड्या घरीच ठेवा. डोक्याला रुमाल आणि भरपूर पाणी हवंच. डबा फेरीआधी किंवा नंतर उघडा आणि कचरा परत आणा. पहाटेच्या फेरीसाठी मुलांना आदल्या रात्री लवकर झोपवा. गाडीतून उतरायचं नाही, हे यजमानांनाही बजावा! हौस असेल तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसण्यासाठी वनखात्याकडे आधी नाव नोंदवा.

एक गोष्ट मात्र मनात ठेवून जा. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. रात्रभर फुलं टपटपत असतात आणि पहाटे टोपली घेऊन गावच्या बाया ती वेचायला निघतात. वाळवून विकली, की घरात चार पैसे येतात. पण मोह अस्वलालाही तेवढाच आवडतो. अंधुक उजेडात, वाकून वेचताना दोघांची अचानक गाठ पडते. अस्वलाची नजर अधू. दचकलं, की ते अंगावरच येतं आणि नखं चेहऱ्यावर, डोक्यावर बसतात. म्हणून या बाया एकट्या जात नाहीत. चौघी-पाचजणी मिळून, मोठमोठ्यानं बोलत जातात. उजाडायची वाट पाहिली तर आणखी बरं. पण उशीर झाला, की फुलं दुसरीच्या टोपलीत!

तेव्हा अस्वल दिसलं, तर आनंद करा. नाही दिसलं, तरी हिरमुसू नका. आपण गप्प बसतो ते अस्वल दिसावं म्हणून. आणि पलीकडच्या मोहाखाली आपलीच एखादी बहीण मोठ्यानं बोलत असते, ते दिसू नये म्हणून!